कंडक्टरला कोणी सांगायचं?

वॉर्ड नंबर चार, ड्यूटीरूम
९ जानेवारी

छोटे,

आशीर्वाद आहेतच, पण ते वेगळ्या पाकिटातून पाठवीन. या पाकिटात तुझ्यावरचा राग भरलाय आणि दोन्ही एकत्र मावणार नाहीत.

पत्र का लिहितेय ते आधी सांगते. फोन आईच्या उशाशी असतो आणि स्पीकरवर लावल्याशिवाय तिला ऐकू येत नाही. ईमेल टॅबवर उघडतं, आणि टॅब माझ्यापेक्षा तिच्याच हातात जास्त असतो. तेव्हा आईबद्दल जे बोलायचं ते कागदावर, आणि तुझं उत्तर घरी नको, वॉर्डच्या पत्त्यावर. पन्नाशीला आलेल्या दोन बहिणी शाळकरी पोरींसारख्या चोरून चिठ्ठ्या लिहितायत, काय म्हणावं.

आता तुझा कोर्स. नोंदणी नव्याने करून हवी तर प्रत्येक नर्सने ‘गोष्टींतून नीती’ हा ऑनलाइन कोर्स पास व्हायचा, असं फर्मान निघालं. कोर्स कुणाचा, तर माझ्या धाकट्या बहिणीचा. एका सोमवाराआड तू एक गोष्ट टाकणार, आम्ही ती वाचून ‘तुम्ही काय केलं असतं’ ते लिहिणार आणि तू मार्क देणार. पहिल्या गोष्टीतल्या नर्सला कळतं की आपल्या मैत्रिणीने चुकीचं इंजेक्शन दिलंय. मग ती काय करते? खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दीड पान विचार करते. अगं, आमच्या वॉर्डात एक खुर्ची होती, तिचा पाय मोडला. आता तिच्यावर सलाईनचे खोके ठेवतात. मी उत्तरात एवढंच लिहिलं की आधी पेशंटकडे धावा, विचार नंतर करा. त्याला तू दहापैकी तीन दिलेस आणि शेरा मारलास, ‘विचारप्रक्रिया दिसत नाही’. विचारप्रक्रिया दिसायला पेशंट जगायला हवा ना.

असो. खरी गोष्ट वेगळीच आहे. आईच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला. मोठ्या डॉक्टरांनी मला राउंडनंतर थांबवलं आणि लिफाफा माझ्या हातात दिला. ‘सिस्टर, तुम्ही आपल्यातल्याच, तुम्हीच काय ते बघा.’ आमच्याकडे हे असंच चालतं. स्टाफच्या घरचा पेशंट असला की रिपोर्ट स्टाफला देतात, पेशंटला नाही, आणि याला सगळे आपुलकी म्हणतात. मीही आजवर म्हणत आले. गाठ वाईट आहे हे तुला गच्चीवरून फोन करून सांगितलंच. तू रडलीस आणि आईला सांगू नकोस म्हणालीस, आणि मीही हो म्हणून बसले.

आता घरी ‘रक्त कमी झालंय’ असं सांगून गोळ्या देतेय. हे किती दिवस चालवायचं ते कळव.

ताई

---

१७ जानेवारी

ताई,

तुझा राग पोचला. तो ठेवायला माझ्याकडेही आता जागा उरलेली नाही, कारण दिवसभर नर्सेसच्या उत्तरांवर खर्च होऊनही माझा स्वतःचा भरपूर शिल्लक असतो.

तुला वाटतं मी इथे मजेत गोष्टी लिहीत बसते. एकदा माझ्या ऑनलाइन वर्गात येऊन बघ. सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी काळ्या चौकोनांशी बोलते. मध्येच कुणाचा तरी माइक चुकून चालू होतो आणि ‘गॅस बंद कर गं’ असं ऐकू येतं. गोष्ट काहीही असो, उत्तर ठरलेलं: ‘नर्सने रुग्णाचे हित जपावे व वरिष्ठांना कळवावे.’ एकीने लिहिलं की बाकीच्या उचलतात. मागच्या आठवड्यात एकीने तर दुसरीचा नोंदणी क्रमांकसुद्धा उचलला. प्रामाणिकपणावरचा धडा होता तो. गोष्टीच्या रूपात शिकवलं तर मनात उतरतं असं मी मोठ्या तोंडाने सांगून हा कोर्स मंजूर करून घेतला होता. आता कुठे तोंड लपवू ते कळत नाही.

त्यातल्या त्यात तुझी उत्तरं सुधारली आहेत हे मान्य करते. दुसऱ्या गोष्टीपासून तू बरीच सविस्तर लिहायला लागलीस. खोचक असतात, पण वाचावीशी वाटतात. फक्त ती भरदुपारी येतात. ड्यूटीवर असताना लिहितेस ते मेट्रनला कळलं तर?

आता आई. ताई, बाबा गेले तेव्हाचं आठव. महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. चमच्याने भरवावं लागलं. मी तेव्हा नोकरी सोडून आले होते. ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही. तिला हे सांगितलं तर गाठीआधी त्या शब्दानेच ती खचेल. परीक्षा संपल्या की मार्चमध्ये रजा घेऊन येते, मग दोघी मिळून ठरवू. तोवर झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

तुला अवघड जातंय हे मला कळतं. पण तू नर्स आहेस, तुला सवय आहे.

छोटी

---

२ फेब्रुवारी

छोटे,

‘तुला सवय आहे’ हे वाक्य पुन्हा लिहिलंस तर उत्तर येणार नाही. मला इंजेक्शन द्यायची सवय आहे, आईशी खोटं बोलायची नाही.

तुझा तिसरा धडा मी नीट वाचला. ‘स्वतःच्या शरीराबद्दलचं सत्य ही रुग्णाची मालमत्ता आहे, ती त्याला न विचारता कुणीही ठेवून घेऊ नये.’ किती सुंदर लिहिलंयस. आमच्या वॉर्डातल्या दोघींनी ते वहीत उतरवून घेतलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि माझ्या पर्समध्ये आईचा रिपोर्ट होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

इथे काय चाललंय ते ऐक. मोठे डॉक्टर रोज विचारतात. वाटा दोन आहेत. एक, हॉस्पिटलात राहून सलाईनमधून जड औषधं. त्यात केस जातील, उलट्या होतील, बहुतेक दिवस पलंगावर जातील, पण कदाचित काही महिने जास्त मिळतील. खात्री ते देत नाहीत. दुसरी, घरी राहून त्रास कमी करणारी औषधं, आणि मिळतील तेवढे दिवस. ते म्हणतात, सिस्टर, या महिन्यात ठरवा, फॉर्मवर तुम्ही सही केलीत तरी चालेल. पोट तिचं आणि सही माझी. मी रोज काहीतरी सबब सांगून सटकते.

आणि आईने नेमकं आत्ताच डोक्यात घेतलंय की तिच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीकडे जायचं. समुद्राकाठी राहते ती, तुला आठवत असेल. दोघी एकाच खोलीत टायपिंग करायच्या आणि साहेबाच्या नकला करायच्या. पंधरा दिवस राहून येते म्हणते. मी म्हणाले, इतक्या लांब नको. ती म्हणाली, का? मी म्हणाले, रक्त कमी आहे. ती म्हणाली, तिथे समुद्र आहे, डास नाहीत, रक्त कोण पिणार? मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडले आणि ती आजारी आहे हे तिला माहीत नाही, म्हणून माफीसुद्धा मागता आली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याशी इतकं गोड बोलले की मलाच कसंतरी झालं.

मार्च लांब आहे, छोटे. तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस आणि शेळी मी आहे.

उत्तरं मी जेवणाच्या सुट्टीत लिहिते. मेट्रनची काळजी तू करू नकोस.

ताई

---

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण खरं असलं म्हणून हिंमत येत नाही.

मग मला जे एकच काम येतं ते केलं. गोष्ट लिहिली. सहावा धडा म्हणून येत्या सोमवारी टाकतेय. एक निवृत्त बस कंडक्टर. त्याला दोन मुलगे, दोघेही हुशार. रिपोर्ट मुलग्यांच्या हातात पडतो आणि ते नर्सला दटावतात की बाबांना सांगायचं नाही. कंडक्टर नर्सला विचारतो, ‘मला काय झालंय?’ इथे गोष्ट संपते. नर्सने काय करावं? एरवी मी गोष्टीच्या खाली माझं मत देते. या वेळी दिलेलं नाही, कारण मला ते माहीत नाही. इतक्या नर्सेस आहेत, कुणालातरी माहीत असेल. त्यांना विचारते.

रागावू नकोस. कुणाला ओळखू येणार नाही. आईचा मी पुरुष केलाय, टायपिस्टचा कंडक्टर केलाय, गाव बदललंय, आजार पोटातून फुप्फुसात नेलाय. गोपनीयतेवर धडे देणारी बाई आहे मी, एवढं मला कळतं.

तूही उत्तर दे. मनापासून दे. तुझं मत मला हवं आहे, पत्रातलं नाही, कारण पत्रात तू माझ्यावर चिडलेली असतेस.

छोटी

---

२३ फेब्रुवारी

ताई,

मनापासून दे म्हणाले होते, मला टोचून लिही असं नाही.

तुझं उत्तर समोर ठेवूनच हे लिहितेय. ‘नर्सने काहीही सांगायची गरज नाही. कंडक्टरला माहीत आहे. ज्याने जन्मभर बिनतिकीट बसलेले चेहरे ओळखले, त्याला स्वतःच्या घरातले ओळखता येणार नाहीत? तो विचारतो ते कळावं म्हणून नाही, कुणीतरी आपल्याशी बोलावं म्हणून. मुलगे हुशार असतील पण भित्रे आहेत. बापाला जपतोय असं म्हणून ते स्वतःला जपतायत. नर्सने त्या दोघांना बापासमोर नेऊन बसवावं, दार लावून घ्यावं आणि आपण बाहेर जाऊन चहा प्यावा.’

चहा प्यावा. एवढ्या गंभीर प्रश्नावर तुला विनोद सुचतो. आणि ‘भित्रे’ हा शब्द कुणासाठी आहे हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. कंडक्टरला माहीत आहे, हे तुला कुणी सांगितलं? मी गोष्टीत तसं लिहिलेलं नाही. तू स्वतःच्या सोयीसाठी ठरवलंस की आईला माहीत आहे, म्हणजे सांगायचा भार आपल्यावर नाही. इतकं सोपं असतं होय?

त्यात भर म्हणजे जे चौकोन इतके दिवस काळे होते ते तुझ्या उत्तराखाली एकदम बोलायला लागले. एकीने स्वतःच्या वडिलांबद्दल लिहिलं. एक जण कॅमेरा चालू करून रडली. मी कोर्स सुरू केल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी कुणाचं तरी उत्तर न उचलता स्वतःचं लिहिलं, आणि तेही माझ्या गोष्टीमुळे नाही, तुझ्या खवचटपणामुळे.

मी दोन मार्क दिलेत. दहापैकी. आणि शेरा मारलाय तो अगदी विचार करून मारलाय: ‘उत्तर लिहिणाऱ्या व्यक्तीने एकदाही स्वतःला रुग्णाच्या जागी ठेवून पाहिलेले नाही.’ बहीण म्हणून सूट देणार नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतेय.

छोटी

---

वॉर्ड नंबर चार
२७ फेब्रुवारी

छोटे,

ते उत्तर माझं नाही.

तुझं बारा तारखेचं पत्र वॉर्डात येऊन पडलं होतं आणि मला ते काल, तुझ्या नव्या पत्राबरोबर मिळालं. दोघी सिस्टर आजारी, मी दुसऱ्या वॉर्डात डबल ड्यूटी करत होते. घरी जायचे ती फक्त आडवी व्हायला. सहावा धडा कधी आला मला कळलंसुद्धा नाही.

आता ऐक, आणि बसून ऐक, तुझ्याकडे खुर्ची आहे. पहिल्या धड्यात तीन मिळाल्यावर मी आईसमोर तुझ्या नावाने बोटं मोडली. ती म्हणाली, तू बोल, मी टाइप करते, माझे हात अजून चालतात. म्हणून दुसऱ्या धड्यापासून मी पाय गरम पाण्यात टाकून बसायची, ती गोष्ट मोठ्याने वाचायची आणि मी सांगेन ते टाइप करायची. मग मी सांगता सांगता झोपायला लागले. मग ती म्हणाली, तू झोप, मी बघते. तेव्हापासून दुपारी ती एकटी वाचते, एकटी लिहिते आणि माझ्या नावाने पाठवते. मला मार्क मिळत होते, मी मूग गिळून गप्प बसले. नीतीच्या कोर्सात कॉपी केली म्हण. शिक्षा काय असेल ती नंतर दे.

तुझी पत्रं तिच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती वॉर्डात मागवली. आणि तू सगळं गोष्ट करून थेट तिच्या टॅबवर पाठवलंस.

काल रात्री घरी गेले तर ती टॅब मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, ‘दोन मिळाले गं. तुझी नोंदणी अडणार नाही ना?’ मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. माझ्या मागे तीही येऊन दाराबाहेर उभी राहिली असावी, कारण बाहेर आले तेव्हा टॉवेल तिच्या हातात होता.

आज सकाळी तिने माझ्याकडे कागद मागितला. म्हणाली, वॉर्डातला दे, ज्यावर तू छोटीला लिहितेस तो.

ताई

---

२८ फेब्रुवारी

छोटे,

हे पत्र मी हाताने लिहितेय. टाइप केलं तर पुन्हा तू थोरलीचं समजशील.

आधी तिचा निकाल लावू. तिने मला उत्तरं लिहायला लावली नाहीत, मी लिहिली. पाय सुजून येते बिचारी. सहावं उत्तर तिच्या नावावर धरू नकोस आणि तिची नोंदणी अडवू नकोस. नियमात बसत नसेल तर सगळे धडे तिला पुन्हा लिहायला लाव, मी शेजारी बसून झोपू देणार नाही.

आता कंडक्टर. छान लिहिलायस. पण तो सकाळी बातम्या सांगणाऱ्याशी भांडतो आणि उशीखाली टॉर्च ठेवून झोपतो. माझ्या माहितीत असं करणारं एकच माणूस आहे. तू माझा पुरुष केलास, फुप्फुसं बदललीस आणि टॉर्च तेवढा तसाच ठेवलास. मी वाचता वाचता तो उशीखालून काढून बघितला. मग चहा करून घेतला आणि पुढे वाचलं.

तुझ्या गोष्टीमुळे मला कळलं असं समजून रडत बसू नकोस. मला आधीपासून माहीत आहे. थोरली जन्मात माझ्याशी कधी गोड बोलली नाही. एके दिवशी ‘आई, तुला काय हवं ते सांग’ म्हणाली, तेव्हाच मी समजले की आपलं काही खरं नाही. रक्त वाढवायच्या गोळ्या खाऊन कुणाची भूक मरत नाही. तुम्ही दोघी डोळे मिटून दूध पिताय आणि मी समोर बसून बघतेय, असं चाललं होतं. मीही बोलले नाही. वाटलं, पोरींना धीर येईल तेव्हा त्या बोलतील. फार वाट बघायला लावलीत.

तुझे बाबा गेले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले ते खचले म्हणून नाही. त्यांनाही सगळ्यांनी मिळून काही सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांत मी होते. ते मला विचारायचे आणि मी उशी सारखी करायची. शेवटपर्यंत आम्ही हवापाण्यावर बोललो. मला तोंड भिंतीकडे करावं लागलं ते त्यासाठी. तुम्ही आपल्या मनाने काही भलतंच समजलात, आणि मीही कधी सांगितलं नाही.

म्हणून आता माझं ऐका. मोठ्या डॉक्टरांकडे मी जाईन. थोरली बरोबर येईल, पण खुर्चीत मी बसेन आणि प्रश्न मी विचारेन. सही माझी. जड औषधं घ्यायची की नाही ते ऐकून ठरवीन, आत्ता माहीत नाही. भीती वाटते. वाटली पाहिजे, न वाटायला मी काही तुझ्या गोष्टीतली बाई नाही. पण त्याआधी समुद्रावर जाऊन येणार आहे. मैत्रिणीला कळवलंय. काय झालंय तेही तिला स्पष्ट लिहिलंय. ती म्हणाली, लवकर ये, साहेबाची नक्कल करून किती वर्षं झाली. तुला पोचवायला यायचं असेल तर रजेची वाट न बघता ये.

मार्कांबद्दल माझी तक्रार नाही. चहाचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, तुला आवडणार नाही हे ठाऊक होतं. दोन तर दोन.

तो शेरा मात्र खोडून टाक. मी त्या जागी स्वतःला ठेवून पाहिलंय. तिथे फार काही वाईट नाही. दिवसभर झोपून कंटाळा येतो, आणि दाराबाहेर दोन मुली हळू आवाजात बोलत असतात, त्यांना वाटतं ऐकू येत नाही.

आत या.

आई